आईला ऐकवलेला सिनेमा

आईचा उजवा डोळा काचबिंदूने कधीच गेला. डाव्याला आता खिडकीचा उजेड तेवढा कळतो. टीव्ही ती ऐकते. मालिकेत कोण खोटं बोलतंय हे तिला माझ्याआधी समजतं, कारण मी चेहऱ्यांकडे बघत असते आणि ती फक्त आवाजाकडे. सवय जुनीच आहे. वर्ध्याला लहानपणी तिने रेडिओवर रात्रीच्या श्रुतिका ऐकल्या, त्या अंधारात, भावंडांसोबत एका चादरीत. दार वाजलं, जिन्यावर पावलं आली, की कोण आलं हे ती सगळ्यांच्या आधी सांगायची.

गेल्या श्रावणात एका दुपारी मी लॅपटॉपवर मार्गरीत द्युरास या फ्रेंच लेखिकेचा ‘इंडिया साँग’ लावून बसले होते. आई पलंगावर पडली होती, मला वाटलं झोपली आहे. हा सिनेमा एका मावळत्या सूर्याने सुरू होतो. काही मिनिटं पडद्यावर दुसरं काहीच नाही. धुरकट आभाळात सूर्य खाली सरकतो आहे आणि एक बाई कुठूनतरी गाते आहे. गाता गाता ती हसते, मध्येच ओरडल्यासारखं बोलते, पुन्हा गाते.

आई उठून बसली. “ही बंगाली नाही,” ती म्हणाली.

मी सिनेमा थांबवला. बाबांची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा मी पाचवीत होते. तीन वर्षं आम्ही तिथे काढली. बंगाली मी शाळेत शिकले आणि विसरले. आई मासळीवाल्याशी आणि शेजारच्या काकींशी बोलून शिकली आणि तिच्याजवळ ती राहिली.

“नाही,” मी म्हटलं, “लाओसची आहे. भिकारीण आहे. पण कलकत्त्यात आहे.”

“मग सांग ना काय चाललंय. एकटीच काय पाहून राहिली?”

असा तो दोन तासांचा सिनेमा आम्ही तीन दुपारी पाहिला. म्हणजे मी पाहिला, खालची इंग्रजी अक्षरं मराठीत करून तिला सांगत गेले, आणि ती ऐकत गेली. पुण्यात शिकत असताना फिल्म सोसायटीच्या एका खेळाला मी तो पहिल्यांदा पाहिला होता. अर्धं सभागृह उठून गेलं होतं. मी बसले होते ती नावातल्या ‘इंडिया’मुळे, आणि बाहेर पडले ती रागाने. तो राग मी पुढे कितीतरी वर्षं जपला.

रागाचं कारण साधं होतं. सिनेमा घडतो 1937 सालच्या कलकत्त्यात, फ्रेंच वकिलातीत, आणि त्यात कलकत्ता नाही. एक रस्ता नाही, घाट नाही, पूल नाही. सगळं चित्रण फ्रान्समधलं. वकिलात म्हणून जी इमारत दिसते तो पॅरिसला लागून असलेल्या बूलोन्यमधला रॉथशिल्ड घराण्याचा महाल आहे. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या ताब्यात गेला आणि पुढे ओसाड पडला. भिंतींचा गिलावा उडालेला, बागेत रान माजलेलं. त्या महालासमोर, त्यातल्या आरशांसमोर काही गोरी माणसं अतिशय सावकाश चालतात, नाचतात, जमिनीवर आडवी होतात. भारतीय म्हणावा असा एक फेटेवाला नोकर येतो, दिवा लावतो, उदबत्ती लावतो आणि जातो. त्याच्या तोंडी एक शब्द नाही.

खरं तर शब्द कुणाच्याच तोंडी नाही, आणि हे माझ्या लक्षात यायला आई लागली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “ही माणसं लांब उभी राहून बोलतात का गं? आवाज त्यांच्या अंगातून येत नाही.”

मी निरखून पाहिलं. पडद्यावर कुणाचे ओठच हलत नाहीत. नायिका झालेली देल्फीन सेरिग लाल केसांची, काळ्या पोशाखात, आरशासमोर उभी असते. तिचं बोलणं आपल्याला ऐकू येतं आणि तिचं तोंड मिटलेलं असतं. द्युरासने चित्रणाच्या वेळी ध्वनिफीत लावून ठेवली होती. नट स्वतःचेच संवाद ऐकत वावरत होते. पार्टीचा प्रसंग तर पुरा कानांवरच आहे. दिवाणखान्यात दोन-तीन माणसं आणि एक मोठा आरसा, बाकी सगळे पाहुणे आपल्याला फक्त कुजबुजताना ऐकू येतात. ही बाई कोण, तो तिकडे उभा आहे तो लाहोरचा व्हाईस कॉन्सल का, त्याने तिथे नक्की काय केलं, तुम्ही त्याच्याशी बोललात का. आणि या सगळ्यामागून पियानो, कार्लोस दालेसिओ या अर्जेंटिनाच्या संगीतकाराची चाल, पुन्हा पुन्हा तीच, दमट हवेसारखी.

“मग ही श्रुतिकाच आहे,” आई म्हणाली. “चित्रं नुसती सोबतीला.”

गोष्ट तिला मी अशी सांगितली. आन-मारी स्त्रेतेर ही फ्रेंच राजदूताची बायको, मूळची व्हेनिसची. तिच्याभोवती पुरुष आहेत, त्यातला एक मायकेल रिचर्डसन तिच्यासाठी सगळं सोडून आलेला. लाहोरच्या व्हाईस कॉन्सलने, म्हणजे फ्रेंचांच्या तिथल्या दुय्यम दूताने, रात्री शालिमार बागेतल्या महारोग्यांवर आणि कुत्र्यांवर गोळ्या झाडल्या म्हणून त्याला कलकत्त्याला आणून ठेवलंय, पुढे कुठे पाठवायचं ते ठरत नाही. पार्टीत तो आन-मारीला म्हणतो की मला आज इथे राहू द्या, आणि लोक त्याला बाहेर काढतात तेव्हा तो ओरडत सुटतो. ते ओरडणं थांबत नाही. बागेतून, रस्त्यावरून, लांबून येत राहतं. व्हाईस कॉन्सल झालेल्या मायकेल लाँसडेलचं ते ओरडणं ऐकताना आईने माझा हात धरला. शेवटी ती माणसं गंगेच्या मुखाजवळच्या बेटावर जातात आणि आन-मारी समुद्रात जीव देते. पण हे आपल्याला सुरुवातीलाच कळलेलं असतं. पहिल्या काही मिनिटांतच पडद्याबाहेरचे आवाज तिच्या कलकत्त्यातल्या कबरीविषयी बोलतात. आपण पाहतो ते सगळं ती गेल्यानंतरचं आहे. पियानोवर तिच्या तरुणपणीचा फोटो, फुलं, उदबत्ती. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर असतं तसंच.

द्युरासने हे सगळं आधी कादंबरीत लिहिलं होतं, 1966 साली, ‘व्हाईस कॉन्सल’मध्ये. आन-मारी तर त्याही आधीच्या, 1964 च्या कादंबरीत येऊन गेली होती. एका नाचाच्या रात्री ती दुसरीच्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन जाते. 1972 साली लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी पीटर हॉलने द्युरासकडे नाटक मागितलं, तेव्हा तिने ‘इंडिया साँग’ लिहिलं. पुढच्या वर्षी ते छापलं तेव्हा नावाखाली तीन शब्द होते: संहिता, नाटक, चित्रपट. 1975 मध्ये सिनेमा आला. तोवर तिच्या कादंबऱ्यांवर दुसऱ्यांनी सिनेमे काढून झाले होते. रने क्लेमाँने 1958 मध्ये, पीटर ब्रूकने 1960 मध्ये, टोनी रिचर्डसनने 1967 मध्ये. तिला ते आपले वाटले नाहीत. म्हणून ती स्वतः कॅमेऱ्यामागे गेली.

लेखक स्वतःच्या पुस्तकाचा सिनेमा करतो तेव्हा त्याचा जीव वाक्यांत अडकलेला असतो, असं मला वाटायचं. एखादं आवडतं वाक्य कुणाच्या तरी तोंडी घालून वाचवायचं, एवढाच खटाटोप. द्युरासने वाक्यं वाचवली, पण पात्रांच्या तोंडून काढून घेतली. ज्यांनी ती गोष्ट कधीतरी ऐकली आहे आणि आता अर्धवट विसरली आहे अशा आवाजांना तिने ती दिली. दोन बायका एकमेकींना विचारतात, आठवतं का, तो कुठून आला होता, ती गोरी होती ना. नंतर दुसरे आवाज येतात, त्यांत द्युरासचा स्वतःचाही आहे. कादंबरीतला निवेदक गेला आणि त्याच्या जागी आठवणारी माणसं आली. आमच्या घरी मोठ्या काकांची गोष्ट अशीच सांगितली जाते. आत्या सुरू करते, आई दुरुस्त करते, कुणीतरी म्हणतं छे, ते बैलगाडीने नव्हतेच गेले, आणि काकांनी तोंड उघडायचा प्रश्नच नसतो, ते भिंतीवर आहेत.

आता माझ्या रागाकडे येते. कलकत्ता 1937 साली भारताची राजधानी नव्हतं, 1911 मध्येच दिल्लीची घोषणा झाली होती. इंग्रजांच्या वसाहतीत फ्रान्सचा राजदूत कशाला असेल? कलकत्त्याहून गंगेच्या मुखाशी दुपारच्या दुपारी मोटारीने कसं जाणार? आणि बेटावरचं ते प्रिन्स ऑफ वेल्स हॉटेल कुठलं? पुण्यात या चुका मी वहीत लिहून काढल्या होत्या. पुढे पुस्तक हाती आलं तर सुरुवातीच्या टिपणात द्युरासने यातल्या बहुतेक चुका स्वतःच नोंदवलेल्या. राजधानी नवी दिल्ली आहे, ते अंतर एका दुपारचं नाही, ते हॉटेल कोलंबोत आहे. भारतातल्या गावांची आणि नद्यांची नावं इथे आधी त्यांच्या नादासाठी आली आहेत, असंही तिने लिहून ठेवलंय.

हे वाचून राग विरघळला नाही. फक्त त्याला टेकायला जागा राहिली नाही. खरं फ्रेंच गाव तर कलकत्त्याच्या वर, हुगळीच्याच काठाला होतं. चंदननगर 1950 पर्यंत फ्रेंचांकडे होतं. जगद्धात्री पूजेची रोषणाई बघायला बाबा आम्हाला तिथे घेऊन गेले होते. नदीकाठचा स्ट्रँड, जुनं चर्च आणि दिव्यांची हलणारी हत्ती-मोरांची चित्रं मला अजून दिसतात. द्युरासला त्या चंदननगरचं काही पडलेलं नव्हतं. तिचं कलकत्ता मेकाँग नदीच्या काठी तयार झालं. 1914 मध्ये ती सायगावजवळ जन्मली, वडील लवकर गेले, आई शाळेत शिकवायची. मेकाँगकाठच्या व्हिन्लाँगला राहत असताना तिथे एका फ्रेंच अधिकाऱ्याची बायको आली आणि तिच्यापायी एका तरुणाने जीव दिल्याचं गावात बोललं जाऊ लागलं. लहान मार्गरीत त्या बाईला मोटारीतून जाताना बघायची. आणि एक भिकारीण दारात आली होती, पाय चिघळलेला, कडेवर मरायला टेकलेलं पोर. तिने ते मार्गरीतच्या आईकडे सोडलं. पोर जगलं नाही. तीस-चाळीस वर्षं ही दोन माणसं द्युरासच्या लिहिण्यात फिरत राहिली आणि शेवटी तिने त्यांना कलकत्त्यात आणून भेटवलं. म्हणजे न भेटवता एकाच आवाराच्या आत-बाहेर ठेवलं.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आपल्यालाही नव्हतं का त्यांनी गाण्यात घातलं. काकी म्हणायची ते.”

शेजारच्या काकी नातवाला निजवताना जे गाणं म्हणायच्या त्यात बर्गी येतात. मूल निजलं, गल्ली शांत झाली आणि देशात बर्गी आले. आई ते गाणं पाठ करून आमच्या धाकट्यालाही म्हणायची. बर्गी म्हणजे आपणच, हे बाबांनी वर्षभराने सांगितलं. आणि मोघम मराठे नव्हेत, आमच्या नागपूरचेच, रघूजी भोसल्यांचे स्वार. 1741 पासून 1751 पर्यंत त्यांनी बंगाल लुटला. त्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती मराठा खंदक खणला गेला. दुसऱ्या दिवशी आई काकींकडे गेली तेव्हा तिला काय बोलावं सुचेना. काकी हसल्या आणि चहा टाकला. त्या गाण्यात आमचं नागपूर नाही, महाल नाही, कुणाचा चेहरा नाही, फक्त एक शब्द आणि त्याच्या मागे घोड्यांचा आवाज. अडीचशे वर्षं बंगालातली पोरं त्या शब्दाला भिऊन झोपली. तो शब्द आमच्याविषयी जेवढं सांगतो त्याहून त्या आयांविषयी अधिक सांगतो. द्युरासचं कलकत्ता मी आता असं ऐकते. महालाच्या काचेमागे कोंडून घेतलेली गोरी माणसं बाहेरच्या शहराला भितात, आणि ते शहर त्यांना आवाजानेच काय ते कळतं.

मात्र एका ठिकाणी मी द्युरासशी भांडत राहणार. सुरुवातीच्या संभाषणात एक आवाज विचारतो की फुलासारखा वास येतोय, कसला? दुसरा म्हणतो, महारोग. फ्रेंचमध्ये ते फार सुंदर ऐकू येतं. पुढे सिनेमाभर महारोग फिरत राहतो. आन-मारीला काय झालंय, तर तिच्या काळजाला महारोग झालाय.

मी ‘महारोग’ म्हटलं आणि आई म्हणाली, “थांब.”

ती वर्ध्याची. तिचे वडील, दादा, मास्तर होते आणि रविवारी सायकलने दत्तपूरला जायचे. मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरचं कुष्ठधाम सुरू केलं ते 1936 साली. सिनेमातली पार्टी 1937 ची. ज्या दिवसांत पडद्यावरची माणसं त्या गोड वासाविषयी बोलतात, त्याच दिवसांत आमच्या वर्ध्याला कुणीतरी गरम पाण्याने जखमा धूत होतं. सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले, संस्कृतचे मोठे पंडित, महारोग झालेले, आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. आमच्या घरात वर्षानुवर्षं पांघरायची चादर आनंदवनातून यायची. आईच्या लेखी महारोगाला नावं आहेत, हात आहेत, हिशोबाच्या वह्या आहेत. “फुलाचा वास नव्हता तो,” ती एवढंच म्हणाली. “दादा घरी आले की आधी विहिरीवर जायचे.”

हा आजार काळजाला लावणं, त्याचं अलंकारात रूपांतर करणं, हे ज्याने जखम धुतली नाही त्यालाच जमतं. व्हाईस कॉन्सल गोळ्या झाडतो तेव्हा निदान त्याला भोवताल सहन होत नाही हे दिसतं. ज्यांना लागल्या त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्या कुजबुजीत येत नाही, कारण कुजबुजणाऱ्यांना ते माहीतच नव्हतं. हे द्युरासला कळत होतं, असं मला वाटतं. तरी सुंदर वाक्याचा मोह तिला आवरला नाही, असंही वाटतं. दोन्ही गोष्टी मी सोबत ठेवून हा सिनेमा पाहते.

एक गोष्ट मी आईला मुद्दाम शेवटी सांगितली. ‘इंडिया साँग’नंतर वर्षभराने, 1976 मध्ये, द्युरासने आणखी एक सिनेमा केला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘ओसाड कलकत्त्यात तिचं व्हेनिसचं नाव’. व्हाईस कॉन्सल त्या रात्री आन-मारीचं माहेरचं नाव घेऊन ओरडतो, त्यावरून. या सिनेमाला तिने ध्वनिफीत तीच लावली, जशीच्या तशी. भिकारणीचं गाणं, आवाज, पियानो, ओरडणं, सगळं तेच. बदलली फक्त चित्रं. आता तो महाल पूर्ण रिकामा आहे. पोपडे, फुटक्या काचा, अंधार. ब्रुनो न्युइतनचा कॅमेरा भिंतींवरून हळूहळू फिरतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत माणूस दिसत नाही.

“म्हणजे माझ्यासाठी दोन्ही एकच,” आई म्हणाली.

हो, तिच्यासाठी तो एकच सिनेमा आहे. ‘इंडिया साँग’मध्ये ज्या आरशासमोर सेरिग उभी राहते, तिथे नंतर कुणी नाही, आणि आईला त्याने काही फरक पडत नाही. गेल्या दोन वर्षांत आमचं घरही तिच्यासाठी असंच झालंय. खुर्ची सरकल्याचा, नळाचा, माझ्या चपलांचा आवाज आहे, घर दिसत नाही. बाबा गेल्यावर त्यांची खुर्ची मी गच्चीच्या खोलीत नेऊन ठेवली. मला वाटलं होतं तिला कळणार नाही. तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं, कारण कुणी न बसताही ती रात्री करकरायची.

तिसऱ्या दुपारी पाऊस लागला होता. आम्ही शेवटाकडे आलो. आन-मारी गेली. पडद्यावर एक जुना नकाशा आला आणि कॅमेरा त्यावरून हळूहळू सरकू लागला.

“आता काय आहे?”

“नकाशा आहे आई. कॅमेरा त्यावरून चाललाय.”

“कुठं चाललाय?”

ती भिकारीण सतरा वर्षांची असताना पोटुशी राहिली, आईने घराबाहेर काढलं, परत येऊ नकोस म्हणाली, आणि मग ती दहा वर्षं चालत चालत कलकत्त्याला पोचली, हे आम्ही पहिल्या दुपारीच ऐकलं होतं.

“उलटा चाललाय,” मी म्हटलं. “तिच्या गावाकडे. सावन्नाखेत.”

“पोचला का?”

“पोचला.”

आईने चष्मा काढला. चष्म्याचा उपयोग नाही, पण ती तो लावते. पदराने काच पुसली, पुन्हा लावला.

“सुरुवातीचं लाव परत,” ती म्हणाली. “ती हसते ना, तेवढंच.”